रेषेपलीकडून वरची जाळी दिसत नाही

दारूचा नियम मी केला. गावात आता कोणी तो फुटबॉल कमिटीचा म्हणतं, कोणी येशूच्या प्रार्थनाघरवाल्यांचा. पण तो माझा होता, आणि करताना मला त्याचा अभिमान वाटला होता.

आमचं गाव नवापूरच्या डोंगरपट्टीत, गुजरातच्या हद्दीला लागून. मी विसाव्या वर्षी तिथून निघालो आणि नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर देठं खुडायला बसलो. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं उघडं मैदान. नजर जाईल तिथपर्यंत लाल. पहिले आठ दिवस शिंका थांबत नाहीत, मग नाक हार मानतं. आज माझी स्वतःची पथारी आहे. बाजारात मला तोंडावर शेठ म्हणतात आणि पाठीमागे तिखट म्हणतात. दोन्ही बरोबर आहे.

माझा मोठा भाऊ गावातच राहिला. दोन बैल, थोडी भात-नागलीची जमीन, आणि फुटबॉल. तरुणपणी तो जाळीत उभा राहायचा. आमच्या पट्टीत दर चैत्रात गावोगावचे संघ येतात, आणि दादाच्या हातून सुटलेले गोल म्हातारी माणसं अजून बोटांवर मोजतात. तो प्यायचा. घरची मोहाची, कधी बाहेरची. पिऊन कोणाशी भांडला नाही, पण प्यायचा.

भांडायचे दुसरे. हद्दीपलीकडे दारूबंदी, त्यामुळे तिकडचे लोक सामन्याच्या निमित्तानं इकडे येऊन दोन दिवसांची तहान भागवून घ्यायचे. आमचेही काही कमी नव्हते. एका वर्षी फायनलमध्ये वीस-पंचवीस झिंगलेली माणसं मैदानात उतरली, पंचाचा शर्ट फाटला आणि सामना तसाच संपला. त्यानंतर बैठक झाली. जर्सी, जाळ्या, मंडप माझ्याकडून जायचे, म्हणून मला बोलावलं.

प्रार्थनाघरवाले म्हणाले, "पिणारा मैदानावर नको. गावातच नको."

देवाचं करणारे म्हातारे म्हणाले, "मैदान उघडताना जमिनीला दारूची धार द्यावी लागते. बापजाद्यांनी दिली. ती बंद करणारे तुम्ही कोण?"

दोन तास हेच. मग मी मांडी बदलली. सौदा अडला की मधला आकडा शोधायचा, हे मला येतं. मी म्हटलं, "धार जमिनीला द्या, थेंब तोंडात जाता कामा नये. आणि प्यायलेल्या माणसाला हाकलायचं नाही. चुन्याची रेषा मारू, आत यायच्या वाटेवर दोरी बांधू. रेषेच्या आत शुद्धीतला. प्यायलेला रेषेपलीकडे, चिंचेखाली."

चिंच मी मुद्दाम निवडली होती. मैदानाच्या कडेला खडकाचा उंचवटा आहे. चिंचेखालून खालची जाळी दिसते, वरची त्या खडकाआड जाते. पिणाऱ्याला निम्मा सामना. प्रार्थनाघरवाल्यांना निम्मी शिक्षा मिळाली, म्हाताऱ्यांना निम्मी सूट. सगळे उठताना हसत होते. दादा मागे बसला होता. तो म्हणाला, "धाकल्या, तू देवालाही पाव किलो कमी तोलून देशील."

त्या वर्षी पहिल्यांदा मुलींचे सामने ठेवले. दादाची मुलगी गोलकीपर. बापासारखीच लांब हातांची. ती फायनलला पोचली तेव्हा त्यानं मला फोन केला. एरवी फोनवर तो दोन वाक्यांच्या पुढे जात नाही. त्या दिवशी तिनं उडी कशी मारली, बॉल छातीशी कसा धरला, सगळं सांगितलं. "मी दोरीपाशी उभा राहणार आहे," म्हणाला. "तिला सांगितलंय. घाबरलीस तर दोरीकडे बघ."

फायनलच्या दिवशी आत येणाऱ्यांना तपासायला दोरीपाशी मी स्वतः उभा राहिलो. कोणी म्हणालं, "शेठ, आज नाक भाड्यानं दिलंय का?" मी म्हटलं, "तुझ्या तोंडापेक्षा स्वस्त आहे." हशा झाला. मी रंगात होतो. चार-पाच जणांना चिंचेखाली पाठवलं आणि ते निमूट गेले. आपला नियम चालताना बघणं ही एक नशाच असते.

सामना सुरू व्हायच्या बेतात दादा धावत आला. डोळे लाल. केस विस्कटलेले. आणि हातभर अंतरावरून मोहाचा वास. माझ्या मेलेल्या नाकालाही आला.

मी दोरी धरली.

"धाकल्या, मी घेतली नाही."

"मग हा वास काय मिरचीचा येतोय?"

लोक हसले. चाळीसएक माणसं असतील. दादा त्यांच्याकडे बघत नव्हता. तो वरच्या जाळीकडे बघत होता. तिथं त्याची मुलगी हातमोजे चढवत होती.

"पोरगी वरच्या जाळीत आहे," तो म्हणाला.

"दुसऱ्या हाफला खालच्या जाळीत येईल. निम्मा दिसेल. नियम सगळ्यांना एक."

बाजारात मी एक गोष्ट शिकलोय. समोरच्याचं पहिलं बोलणं खरं धरायचं नाही. खरा असेल तर दुसऱ्यांदा बोलेल, तिसऱ्यांदा बोलेल, चिडेल, उठून जायचं नाटक करेल. दादा दुसऱ्यांदा बोलला नाही. मान हलवली आणि रेषेपलीकडे गेला. मी मनात म्हटलं, बघा, खोटं होतं.

सामना बरोबरीत सुटला. खालच्या जाळीत ऊन डोळ्यांवर येत होतं, म्हणून पंचानं पेनल्टी वरच्या जाळीत घ्यायला सांगितल्या. शेवटची पेनल्टी पुतणीनं अडवली. उजवीकडे झेपावून, एका हातानं. सगळं मैदान उठलं. ती धुळीतून उठली आणि सरळ दोरीकडे पळत आली. दोरीपाशी मी होतो.

"बाबा कुठंयत?"

"चिंचेखाली."

गावात चिंचेखाली म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. तिचे हात मोज्यांसकट खाली आले.

"ते घेत नाहीत, काका. होळीपासून सोडलीय. मला शब्द दिलाय."

"तुला काय कळतं," मी म्हटलं. हे वाक्य मी तिला म्हटलं. ते दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

ऊन उतरताना मी दादाच्या घरी गेलो. अंगणात खाटेवर, सुपात, जमिनीवर, सगळीकडे मोहाची फुलं वाळत घातलेली. वहिनी बादलीत त्याचा शर्ट भिजवत होती. मी विचारलं नव्हतं, तरी ती म्हणाली, "पहाटेपासून झाडाखाली होते. पडलेली फुलं दिसावीत म्हणून पाला जाळला, धूर डोळ्यांत गेला. फुलं वेचली, ओल्या टोपल्या खांद्यावरून आणल्या. मॅच चुकेल म्हणून अंघोळ न करता पळाले."

चैत्रात आमच्या गावातल्या प्रत्येक माणसाच्या अंगाला मोहाचा वास असतो. बाकीचे फायनल म्हणून नाहून, धुतलेले कपडे घालून आले होते, एवढाच फरक. फुलांचा वास आणि दारूचा वास यांतला फरक आमच्याकडे लहान पोर ओळखतं. मीही ओळखायचो.

दादा आत होता. दार उघडं होतं. चार पावलं होती. पण सौद्यात जो आधी बोलतो तो हरतो, ही सवय माझ्या हाडात गेलेली. तो बाहेर येईल, दोन शिव्या देईल, मी तीन देईन, मग मिटेल, असं धरून मी अंगणात उभा राहिलो. तो आला नाही. मी वहिनीला मोठ्यानं, आत ऐकू जाईल असं म्हटलं, "येईन पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी गेलो नाही. त्याच्या फोनची वाट बघितली. पथारीवर बाजूचा व्यापारी विचारायचा, "काय भाऊ, मोबाईलले काय नजर लागी ऱ्हायनी?" मी त्याच्यावर खेकसायचो. वैशाख गेला, पेरण्या झाल्या. श्रावणात फोन वाजला. पुतणीचा होता. "काका, या," एवढंच म्हणाली. शेतातून येताना दादाच्या छातीत कळ आली होती. दवाखान्यात पोचेपर्यंतच तो गेला.

मातीला गाव जमलं होतं. दोरीपाशी हसलेल्यांतला एक म्हातारा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "शेठ, त्याच्या अंगाला फुलांचा वास येत होता. आम्हाला कळलं होतं."

"मग बोललात का नाही?"

"तुमच्यासमोर बोलायचं कोणी?"

त्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. चाळीस नाकं होती तिथं. चाळीस जणांना कळलं होतं आणि चाळीसही हसले. आणि दादाचाही राग आहे. तो मोठा होता. त्यानं माझ्या कानफटात मारायची होती, दोरी उचलून आत जायचं होतं. एकदा भांडला असता तर मी ऐकलं असतं. ऐकलं असतं का, हे मात्र मी रागात विचारत नाही.

या चैत्राआधी कमिटी पुन्हा माझ्याकडे आली. मी म्हटलं, जाळ्या देतो, मंडप देतो, नियम काढा. त्यावर ओरडाआरडा झाला, मीच जास्त केला. मुलींच्या संघाकडून पुतणी बसली होती. माझं ओरडून झाल्यावर ती म्हणाली, "नियम राहू द्या. नियमामुळं आम्हाला मैदानावर धड खेळता येतं. दोरीपाशी फक्त दुसरं कोणी उभं करा."

ती मला काका म्हणाली नाही.

फायनलला मी गेलो. दोरीपाशी एक बाई उभी होती, ती मला आत सोडायला तयार होती. मी रेषा ओलांडली आणि चिंचेखाली जाऊन बसलो. तिथं नेहमीची मंडळी होती. एकानं ग्लास पुढे केला. मी नको म्हटलं.

"बिन पिता इथं बसणारा तू दुसरा," तिथला सगळ्यांत म्हातारा म्हणाला. "पहिला तुझा भाऊ."

मी त्याच्याकडे वळलो. तोच सांगत गेला. "बसला कसला, उभाच होता. खडकावर चढायला गेला, पाय घसरला. दुसऱ्या हाफला पोरगी समोर आली तेव्हा नुसता बघत होता. मग ती पेनल्टी. तिकडं ओरडा झाला. यानं माझा हात धरला, म्हणाला, आपले ओरडले का त्यांचे? मी म्हटलं, आपले. तेव्हा खाली बसला."

"मग?"

"मग शर्टाची बाही नाकाशी धरली आणि हसला. म्हणाला, येतोय रे वास. धाकल्याला काय बोलायचं."

खडकापलीकडे, वरच्या जाळीच्या बाजूला, मोठा ओरडा झाला. पुतणी पहिल्या हाफला तिकडेच होती. मी उठून उभा राहिलो. दिसलं काही नाही. मी म्हाताऱ्याला विचारलं, "आपले ओरडले का त्यांचे?"