टाका आणि ठोका

माझ्या आत्याला सगळी गल्ली मास्तर म्हणते. शिंप्याला मास्तर म्हणायची पद्धत, आणि गल्लीत शिवणकाम करणारी ती एकटीच, मग बाई असली म्हणून काय झालं! नवे कपडे ती शिवत नाही. विकतच्या पँटी आखूड करायच्या, कंबर सैल करायची, तुटलेल्या चेन बदलायच्या. जिन्याखालच्या तिच्या खोलीत एक मशीन, एक इस्त्री आणि गिऱ्हाइकानं बसू नये म्हणून मुद्दाम ठेवलेली मोडकी खुर्ची आहे. बसलेलं गिऱ्हाईक बोलतं, आणि बोलण्यानं टाका हलतो, असं तिचं म्हणणं. लांब सरळ शिलाई मारताना ती श्वाससुद्धा रोखून धरते. लहानपणी ते बघून मी घाबरायचे. आता चिडते, कारण हाक मारली तर ओ मिळत नाही.

तिनं लग्न केलं नाही. धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या बाबांना, याच मशीनवर शिकवून मोठं केलं. आता तिनं सत्तरी ओलांडली आहे, तरी सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवते आणि वर आमच्याकडे बघून नाक उडवते.

अशा या बाईनं एका शाळामास्तरांच्या पँटीचा एकच पाय दोनदा आखूड केला. उजवा कापला, शिवला, चहा प्यायली, आणि पुन्हा उजवाच कापला. शाळामास्तर ती पँट घालून दुकानात आले तेव्हा डावा पाय बुटाला टेकत होता आणि उजवा पोटरीवर लोंबत होता. गल्ली हसून लोळायची बाकी राहिली. आत्याही हसली. बाबा मात्र हसले नाहीत.

“ताई, आता पुरे कर हे दुकान,” ते म्हणाले. “अण्णांचं असंच सुरू झालं होतं.”

अण्णा म्हणजे त्या दोघांचे वडील. शेवटच्या दिवसांत ते बाबांना पोस्टमन समजायचे आणि पत्र मागायचे. त्यांचं नाव निघाल्यावर आत्याचा चेहरा उतरला. पण हार मानेल ती आत्या कसली! म्हणाली, “तपासून घेऊ. डोकं उतरणीला लागलंय असं निघालं, तर कात्री तुझ्या हातात देईन. नाही निघालं, तर पुन्हा या खोलीत तोंड उघडायचं नाही.”

दवाखान्यात म्हातारपण, हृदय आणि स्मरणशक्ती यांचा एकत्र अभ्यास करणारा एक विभाग होता. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी “या आजी” म्हटल्याबरोबर आत्या फिस्कारली, “आजी कुणाची? मास्तर म्हण.” डोक्याच्या तपासणीसाठी छातीला वायरी कशाला चिकटवतात, हे तिला कळेना. खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं, पण मी कळल्यासारखी मान डोलावली.

पडद्यावर एक रेघ सुरू झाली. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढलं की रेघ चढणार, कमी झालं की उतरणार, असं बाईंनी सांगितलं. आत्याची रेघ अगदी सपाट होती. आत्या विजयी मुद्रेनं छताकडे बघत पडली होती. बाईंच्या कपाळावर मात्र आठी आली आणि बाबांनी माझा हात घट्ट धरला.

“मास्तर, श्वास रोखून धरलाय का?”

आत्यानं श्वास सोडला. “मग? टाका एकसारखा यायला नको?”

“टाका नाही हो, ठोका!”

“तेच ते. माझ्या हातचा टाका काय नि छातीतला ठोका काय, वाकडा जाणार नाही.”

डॉक्टरीणबाई हसता हसता स्टुलावर बसल्या. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. निरोगी हृदय घड्याळासारखं चालतच नाही. श्वास आत घेतला की ते जरा घाई करतं, सोडला की रेंगाळतं. मेंदू एका लांबलचक मज्जातंतूतून त्याला क्षणोक्षणी सांगत असतो, आवर, चल, आवर. लहान मुलांत ही ये-जा खूप असते आणि वय वाढतं तशी ती कमी होत जाते. ज्यांच्यात ती टिकून राहते, त्यांचं लक्ष आणि आठवण बऱ्याचदा अधिक शाबूत असल्याचं दिसतं. “बऱ्याचदा हं,” बाईंनी बजावलं. “ही रेघ म्हणजे निकाल नाही.”

आत्यानं बोटानं हवेत एक टाका घालून पाहिला. “म्हणजे बनियनच्या कापडासारखं. त्याला सरळ टाका घातला की अंगात घालताना तटकन तुटतो. वाकडातिकडा घातला की ताणलं तरी टिकतो.”

“अगदी तसंच. आता नेहमीसारखा श्वास घ्या.”

तिनं घेतला. रेघ खाली गेली. सोडला, रेघ वर आली. पुन्हा खाली, पुन्हा वर, आणि कुठलेही दोन चढ सारखे नव्हते. ज्या बाईला मी जन्मभर सरळ रेषेत चालताना पाहिलं, तिच्या आत हे सगळं चाललं होतं, आईच्या पोटात असल्यापासून, झोपेतसुद्धा, कुणी न सांगता. बाई म्हणाल्या की या वयाला हे छानच आहे.

मग लक्षाची आणि आठवणीची परीक्षा झाली. लाल शाईत ‘हिरवा’ लिहिलेलं असताना शाईचा रंग सांगायचा, त्यात आत्यानं मला हरवलं. ऐकलेले शब्द परत सांगताना मात्र ती अडखळली. बाईंनी काही लपवलं नाही. थोडं विसरणं वयाचं आहे, वर्षानं पुन्हा बघू, तोवर काम खुशाल करा, म्हणाल्या.

आत्यानं बाबांकडे असं बघितलं की विचारू नका.

“आमचंही बघा की फुकटात,” बाबा हसत म्हणाले आणि कॉटवर आडवे झाले. रोज ऑफिसला जाणारे, कधी आजारी न पडणारे, वयानं लहान असलेले माझे बाबा.

त्यांची रेघ सपाट होती.

“श्वास रोखू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“रोखला नाहीये.”

बाईंनी झोपेबद्दल विचारलं, चालता का विचारलं, कसली काळजी असते का विचारलं. घाबरायचं कारण नाही, एका तपासणीवरून काही ठरत नाही, पण नीट बघून घेऊ, असं त्या म्हणाल्या. बाबा छताकडे बघत राहिले. “मला वाटायचं हिचं अण्णांसारखं होणार,” ते हळूच म्हणाले. “रोज रात्री वाटायचं. ही मला ओळखेनाशी झाली तर मी कुणाचा कोण?”

मला रडू आलं. या माणसाला दुकान बंद करायची हौस आहे, असं मी इतके दिवस समजत होते.

आत्या तिच्या छातीवरच्या चिकटपट्ट्या तशाच घेऊन उठली आणि भावाच्या पोटावर हात ठेवून उभी राहिली. “घे,” ती म्हणाली. “छातीत नको, इथून घे. आता सोड. सावकाश. अजून सोड.”

“ताई, दुकान—”

“बोलू नकोस. सोड.”

बाबांनी डोळे मिटले आणि श्वास सोडला. पडद्यावरच्या त्या सपाट रेघेला, बघता बघता, नखाएवढा उंचवटा आला. आत्या ते बघत होती आणि तिचा स्वतःचा श्वास थांबला होता.

“हलला,” ती म्हणाली. “बाळ्या, हलला रे. अजून एक घे.”