कागदाची मागची बाजू

लेक तीन दिवस कुणाशीच वाद घालत नाहीये. ही काळजी माझा पिच्छा सोडत नाही. साबणाच्या वेष्टणावरची जाहिरात वाचूनही "हे कोण म्हणतं? कशावरून?" असं विचारणारी पोरगी आज मुकाट जेवली.

ती नववीला इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते. बातमी तपासायला शिकवायची तिची एक पद्धत होती. प्रत्येकाने एक खोटी बातमी रचायची. पुढून अगदी छापल्यासारखी, आणि मागे मोठ्या अक्षरात 'खोटी' लिहायचं. मग वर्गाने चर्चा करून ती पकडायची.

"तुझ्या वर्गात रोज कोर्ट भरतं," मी चिडवायचे.

"भरू दे की. निदान तिथे समोरच्याचं ऐकून घेतात. इथे तू घेतेस का?"

गेल्या आठवड्यात तपासायला आणलेला गठ्ठा जेवणाच्या टेबलावर पडला होता. वरच्याच कागदावर होतं, 'कोपऱ्यावरच्या डेअरीच्या दुधात कपडे धुण्याची पावडर, डॉक्टरांचा इशारा'. आम्ही कोपऱ्यावरूनच दूध घेतो. मी लगेच फोटो काढला आणि पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या धाकट्या बहिणीला पाठवला. तिने तो गावभर केला. कागद उलटायचं मला सुचलंच नाही.

दोन दिवसांत डेअरीची काच फुटली. दूधवाला न खपलेलं दूध गटारात ओतत होता, मी मान खाली घालून पुढे गेले.

लेकीने पालकसभेत कागदाची मागची बाजू दाखवली. "हे काल लिहिलं असेल," एक बाई म्हणाल्या. एका मुलाचे वडील म्हणाले, "मॅडम, खोटं बोलायला आमची पोरं घरीच शिकतात. त्यासाठी शाळा कशाला?" सगळे हसले.

शाळेला वाटतं, बातमी लिहिणाऱ्या मुलीनेच फोटो पसरवला. त्या मुलीला शाळेतून काढू नये म्हणून लेकीने सगळं स्वतःवर घेतलंय. उद्या राजीनामा देणार आहे.

फोटोच्या कडेला आमच्या टेबलक्लॉथची निळी किनार दिसते. लेकीने ती ओळखली नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. आज संध्याकाळी ते टेबलक्लॉथ तिने काढून कपाटात तळाशी ठेवलं.

"मळलं होतं का गं?" मी विचारलं.

"नाही, आई."

नोकरी वाचेल असं वाटत नाही. दूधवाल्याची गिऱ्हाइकं तर परत येणारच नाहीत. साडेअकरा वाजलेत, मुख्याध्यापिका झोपल्या असतील. तरी मी त्यांना फोन लावतेय.