दिपिकाच्या कॉम्प्युटरची सुतळी

दिपिका धरमतरच्या खाडीकडची, मिठागरवाल्यांची लेक. लग्न होऊन रोह्याजवळच्या आमच्या भातशेतीच्या गावात आली, तेव्हा लोक तिच्या बोलीची नक्कल करून हसायचे. मग तिने जुने सुटे भाग जमवून घरच्या घरी कॉम्प्युटर जोडला, त्यावर मशिनची ड्रॉइंग काढायला लागली आणि हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. आतल्या वायरी तिने माहेरी मिठाच्या गोण्या बांधतात तशा सुतळीने दुहेरी गाठ मारून आवळल्या होत्या. ती गाठ दाताने सोडवावी लागते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिची परीक्षा होती. पेणच्या एका ऑफिसात ड्रॉइंगची नोकरी होती, आणि घरूनच तासाभरात ड्रॉइंग काढून पाठवायचं होतं. मोबाइलवर ते जमण्यासारखं नव्हतं. तिचा नवरा प्रणित कंपनीत कंत्राटी कामाला. बायकोने रोज पेणला जावं हे त्याच्या मनात नव्हतं, पण तोंडाने "कर की" म्हणायचा. असल्या माणसांची मला चीड येते. धड नाही म्हणायचीही हिंमत नसते.

सकाळी तिने बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा मात्र काळाच. प्रणित शिफ्टला निघाला होता. चपला घालता घालता म्हणाला, "काल पूजेला आईनं पानी शिंपडला ना, त्यानंच गेला असंल."

काशीबाई, म्हणजे दिपिकाची सासू, जागीच बसली. दसऱ्याला कोयता, विळा, मोटारसायकल यांच्याबरोबर तिने सुनेचा कॉम्प्युटरही मोठ्या कौतुकाने पुजला होता. मी त्यांची शेजारीण. ती मला हाक मारून म्हणाली, "सरू, माज्या हातानं पोरीचा वाटोला झाला गो."

मी धावत गेले. मोबाइलचा उजेड धरून उभी राहिले. दिपिकाने कॉम्प्युटरच्या डब्याचा पत्रा उघडला. पाणी म्हटल्यावर सगळं लक्ष पाण्याकडेच. तिने मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली, परत बसवली. कपड्याने एकेक कोपरा टिपला. भाग काढून उन्हात ठेवले, पुन्हा जोडले. पंखा फिरायचा, पडदा काळाच राहायचा. अकरा वाजले, बाराही वाजून गेले, तरी तिचे हात थांबले नाहीत.

शेवटी ती प्रोसेसरला वीज नेणाऱ्या वायरीवर बोट फिरवत गेली. ही वायर तिने स्वतः बसवली होती, म्हणून तिकडे तिने नीट पाहिलंच नव्हतं. टोक जागेवर नव्हतं. ते उपसून बाकीच्या वायरींमागे सरकवलं होतं आणि वर सुतळी होती. पण गाठ नव्हती. सुतळीला पीळ देऊन टोक आत खोचलं होतं. आमच्या गावात भाताचे भारे असेच बांधतात.

दिपिकाने माझ्याकडे पाहिलं. सुतळीचा पीळ काशीबाईनेही दारातून पाहिला, पण वायरींतलं तिला काही कळलं नाही. तिने वायर बसवली. पडदा उजळला आणि त्यावर परीक्षेची वेळ संपल्याचं आलं. पेणला फोन केला, तर पुन्हा संधी नाही म्हणाले.

संध्याकाळी प्रणित आला तेव्हा मी तिथेच होते. कॉम्प्युटर चालू बघून आईवर चिडला, "कितींदा सांगितला, असल्या वस्तूंवर पानी मारू नको."

काशीबाईने मान खाली घातली. सकाळपासून तिच्या पोटात अन्न नव्हतं.

दिपिकाने सुतळी त्याच्यापुढे धरली. "येवढ्या वायरी बांधा. माजं हात दुखतात."

त्याने बांधल्या. बोटांनी पीळ दिला, टोक खोचलं. काशीबाईचं सगळं आयुष्य भारे बांधण्यात गेलेलं. ती उठून जवळ आली. तिने खोचलेलं टोक एका बोटाने ओढलं, आणि सगळं सुटून पडलं.

"सकालीपन असाच बांधलेला व्हता काय रं?" तिने विचारलं.

दिपिकाने खाली पडलेली सुतळी उचलली आणि आपली गाठ मारली.