जलकुंभीला काटे असतात का?

आता चहा गरम आहे तोवर ऐकून घ्या. आणि माझ्याच तोंडून ऐका, कारण बार्शीटाकळीकडची मंडळी हे तिखटमीठ लावून सांगतात. खरं म्हणजे लावायची काही गरजच नाही!

मी अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. हो, विज्ञान! रिटायर झालो आणि मोर्णा नदी साफ करणाऱ्या मंडळींत शिरलो. दर रविवारी पाण्यात उतरायचं, जलकुंभी उपटायची. जलकुंभी म्हणजे ती हिरवी वनस्पती हो, पाण्यावर अशी पसरते की खाली नदी आहे हे विसरायलाच होतं. चार रविवार झाले आणि मला वाटायला लागलं, आपण नसतो तर मोर्णेचं काय झालं असतं!

दिवाळीच्या तोंडावर सासुरवाडीला गेलो. बार्शीटाकळीजवळचं लहानसं गाव. सकाळी फिरत नदीवर गेलो तर काय? बंधाऱ्यामागचं सगळं पाणी हिरवंगार! माझ्यासारख्या माणसाला हे बघवतं का? चप्पल काढली, पँट दुमडली, उतरलो.

दोन वेल ओढले, हाताला टोचलं. आणखी दोन ओढले, पुन्हा टोचलं. मी म्हटलं, बघा, प्रदूषण कुठवर गेलं! जलकुंभीलाही काटे यायला लागले!

हसू नका. पुढे आणखी आहे.

बंधाऱ्यावर एक सायकलवाला थांबला.

"काढून राहिले का जी?"

"हो! सगळं काढणार!"

"सगळं? अजून कवळं हाय ना थे."

"कोवळं असतानाच काढावं! मग आवरत नाही."

"बाईनं सांगतलं का तुमाले?"

कोण बाई? मला वाटलं, सरपंचबाई असतील. म्हटलं, "कोणी सांगायची वाट कशाला पाहायची? नदी काय एकट्या बाईची आहे? सगळ्या गावाची आहे! तुम्हीही उतरा!"

"मी पन घेऊ?"

"घ्या की! जेवढं काढाल तेवढं पुण्य!"

गडी असा सुसाट गेला की काय सांगू! दहा मिनिटांत थैल्या, टोपल्या, घमेली घेऊन माणसंच माणसं. अहो, अकोल्यात आठवडाभर व्हॉट्सॲपवर विनवण्या केल्या तर सात जण येतात, आणि इथे एका वाक्यात अर्धं गाव! माझा ऊर भरून आला. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून मी जलसंवर्धनावर भाषणच ठोकलं. लोक मात्र वेल उलटे करून खालचं काहीतरी भराभर खुडत होते, थैलीत टाकत होते. मला वाटलं, बी वेगळं करतायत, परत उगवू नये म्हणून. केवढी ही शास्त्रीय दृष्टी!

"कोन होय थो मुडदा?"

बंधाऱ्यावर एक साठीची बाई उभी. लुगडं खोचलेलं, हातात काठी. क्षणात पाणी रिकामं! उरलो मी एकटा, दोन्ही हातांनी वेल कवेत धरून.

"नदी... नदी साफ करतोय," मी म्हणालो.

ती खाली उतरली. माझ्या कवेतला एक वेल ओढून उलटा केला, खालचं काटेरी फळ तोडलं, दाताने फोडलं आणि आतला पांढरा गर माझ्या हातावर ठेवला.

"खा."

खाल्ला. शिंगाडा!

"माही दिवाळी हाय हे, भाऊ," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणूनच जास्त लागलं. सुमनबाई तिचं नाव. दरवर्षी ग्रामपंचायतीकडून ते पाणी ठेक्याने घेऊन ती शिंगाडा लावायची आणि सणाच्या बाजारात विकायची.

तेवढ्यात माझा मेहुणा दिगांबर धावत आला. पाणी बघितलं, काठावरचे ढीग बघितले, मला बघितलं.

"भाऊजी, तुमी पोराईले नेमकं काय शिकवत होते?"

मग दिवसभर सुमनबाई सांगेल तसे वेल परत पाण्यात लावले. बरेचसे जगले. थैल्या घेऊन पळालेले लोकही मान खाली घालून शिंगाडे परत देऊन गेले. उरलेलं नुकसान मी भरून दिलं. तरी मनातली टोचणी जाईना. म्हटलं, "बाई, आणखी काय करू?"

"नदीसाठी करायचं हाय ना? मंग थे पाहा." तिने काठीने दाखवलं. गल्लीतली नाली सरळ बंधाऱ्यात उतरत होती. "त्या घान पान्यानं माहे वेल सडतात. जलकुंभी बी त्याच्यावरच वाढते. घरचं पानी घरामागं जिरवा, शोषखड्डे करा. मंग उपटाले काही राहनारच नाही."

तीस वर्षं विज्ञान शिकवून मला हे सुचलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी गल्ली जमली. आणि खरं सांगतो, खड्डे झाले, चांगले झाले. प्रत्येक घराने आपापला खणला, दगडगोट्यांनी भरला. आज नालीचं पाणी नदीत जात नाही.

पण ते सगळं मी निघाल्यानंतर. त्या सकाळी पहिली कुदळ मारायचा मान दिगांबरने मला दिला होता. तिसऱ्या घावाला खाली काहीतरी 'टक्' झालं आणि गावाच्या नळाचा पाइप फुटून असं कारंजं उडालं की सगळी गल्ली चिंब!

सुमनबाईने तोंडावरचं पाणी पुसलं, माझ्या हातातली कुदळ अलगद काढून घेतली आणि फार मायेने म्हणाली,

"सर, तुमी अकोल्याले जा. नदी आपोआप वाचते."