वनजाबाईंची उभी ड्यूटी

आमच्या खालच्या घरातल्या वनजाबाई म्हैसूर–सरगूर बसवर कंडक्टर आहेत. बावीस वर्षांत आपण बसच्या दांड्याला हात लावला नाही, असं त्या सांगतात, आणि मी ते खरं मानते. डावा पाय पुढे, उजवा आडवा, कंबर सीटच्या पाठीला टेकवलेली, दोन्ही हात तिकिटांसाठी मोकळे. दाराजवळची कंडक्टरची सीट त्या कुणाला तरी देऊन टाकत. गरोदर बाई, म्हातारी, नाहीतर दोन पोती घेऊन चढलेला शेतकरी. "बसून तिकीट द्यायला मी काय थिएटर चालवते?" असं वर म्हणत.

पाच वर्षांपूर्वी त्यांची उजवी टाच दुखायला लागली. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की खिळा घुसल्यासारखं व्हायचं. गरम पाणी झालं, बर्फ झाला, मऊ चपला झाल्या, टाचेत इंजेक्शनं झाली. त्यातच बायकांना बसप्रवास मोफत झाला, आणि सरगूरच्या बसमध्ये मुंगीला वाव राहिला नाही. शेवटी या जानेवारीत ऑपरेशन झालं. तळव्याखालची ताठलेली पट्टी डॉक्टरांनी थोडी सोडवली आणि तीन महिने रजा लिहून दिली.

पहिले पंधरा दिवस पाय उशीवर, बाई पलंगावर आणि हुकूम घरभर. टाके निघाल्यावर वॉकर आला, मग व्यायाम. थंड पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची, बोटांनी टॉवेल ओढायचा. वनजाबाई आकडे मोजत नसत, स्टॉप मोजत. म्हैसूरहून निघून एकेक गावाचं नाव घेत, आणि सरगूर आलं की पाय खाली ठेवत.

त्यांचे यजमान पद्मनाभ शांत माणूस. आजोबा कापड रंगवायचे, हे देवराज मोहल्ल्यात अस्तर आणि फॉलचं दुकान चालवतात. घरात मराठीच, पण ती कन्नडचा हात धरून चालणारी; 'अहो'च्या जागी 'री', 'उगाच'च्या जागी 'सुम्मने'. एके दिवशी दुपारी ते एक अर्ज घेऊन आले. पायाचं बघता पासच्या खिडकीवर बसून काम मिळू शकेल, असा डेपोतून निरोप आला होता. अर्ज त्यांनी सुरेख अक्षरात भरलाही होता. फक्त सही राहिली होती.

"सही कर की. खुर्ची आहे, पंखा आहे, पाचला घरी."

"आणि समोर काच," वनजाबाई म्हणाल्या. "काचेला भोक. त्यातून माणसांचे हात दिसतात री, तोंडं नाही दिसत."

"तोंडं बघून काय करायचं?"

"मला बघायला आलात तेव्हा काय बघितलंत? हात?"

मुलगी सुप्रीता हिनकलहून दर शनिवारी यायची. तिने वडिलांची बाजू घेतली. "अम्मा, टाच परत गेली तर?"

"दुसरी आहे."

अर्ज टीव्हीखाली पडून राहिला. रजा संपेपर्यंत तो द्यायचा होता. नाही दिला तर पुन्हा बसवर रुजू व्हायचं.

दहाव्या आठवड्यात मी त्यांचा डबा परत करायला खाली गेले, तर दिवाणखान्यातला फळीचा झोपाळा करकरत होता. त्यावर वनजाबाई उभ्या. कड्यांना हात नाही. डावा पाय पुढे, उजवा आडवा, हातात टीव्हीचा रिमोट.

"टीचर, पुढं सरका," त्या मला म्हणाल्या; मी शाळेत शिकवते. "मागं जागा आहे."

"अहो, उतरा!"

"स्टॉप यायचाय अजून."

तेवढ्यात पद्मनाभ जेवायला आले. उंबऱ्यातच थबकले. तीस वर्षांत त्यांचा चढा आवाज मी ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकला. "होल्डॉन!" बस थांबवायला कंडक्टर ओरडतात तसे ते ओरडले, आणि झोपाळ्याची कडी धरून उभे राहिले.

वनजाबाई सावकाश उतरल्या. "सुम्मने ओरडू नका. रविवारी चला माझ्याबरोबर. सरगूरपर्यंत सगळा रस्ता उभी राहते. एकदा जरी बसले, तर तुमच्या कागदावर सही."

"आणि नाही बसलीस तर?"

"तर कागद तुम्ही फाडायचा. तुमच्या हातानं."

पुढचं मला दोघांकडूनही कळलं. बसवर नवीन नावाचा तरुण कंडक्टर होता. त्याने वनजाबाईंना पाहताच आपली सीट पुढे केली. त्यांनी ती नाकारली. पद्मनाभना खिडकीजवळ जागा मिळाली, त्या त्यांच्या समोर उभ्या राहिल्या. पहिला तास उत्तम गेला. मधल्या गर्दीतही दांड्याला हात नाही. एच. डी. कोटेच्या पुढे मात्र रस्ता खडबडीत लागला आणि खिळा आला. आधी त्यांनी दांडा धरला. मग कपाळावर घाम आला. पद्मनाभ उठले, आणि वनजाबाई बसल्या. सरगूर तेव्हा दहा किलोमीटर होतं असं त्या म्हणतात. ते म्हणतात बारा. बाकी हकिगत दोघांची सारखी आहे.

बसल्यावर करायला काही नव्हतं, म्हणून त्या नवीनकडे बघत राहिल्या. दोन स्टॉपांमध्ये त्याची तिकिटं देऊन झाली. त्याच्या सीटवर एक दांडगा माणूस बसला होता. "ही माझी सीट," एवढंच म्हणून नवीनने त्याला उठवलं आणि आरामात बसला. कुणी एक शब्द बोललं नाही. पुढचा स्टॉप आला, तो उठला, तिकिटं दिली, पुन्हा बसला.

सरगूरच्या स्टँडवर उतरल्यावर पद्मनाभनी खिशातून अर्ज काढला. पेनही काढलं.

"नाही करणार," वनजाबाई म्हणाल्या.

"वनजा, पैज होती."

"पैज हरले. नोकरी नाही हरले."

"शब्द दिला होतास!"

"दिला. मोडला. लिहून ठेवा तुमच्या दुकानाच्या भिंतीवर." त्या कट्ट्यावर बसल्या आणि चप्पल काढून टाच चोळू लागल्या. "तो पोरगा बसला, बघितलंत? अय्यो, मला वाटायचं बसलं की कामचोर. माझी सीट बावीस वर्षं मी दान करत राहिले आणि टाच कापून घेतली. आता नाही देणार. तिकिटं झाली की बसणार."

"आणि म्हातारी चढली तर?"

"एखाद्या तरण्या गड्याला उठवीन. टाच गेली म्हणून गळा गेला नाही."

पद्मनाभ त्यांच्याशेजारी कट्ट्यावर बसले. मग विचारलं, "दुखतंय किती?"

"पुष्कळ."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि चहा आणायला गेले.

एप्रिलच्या मध्यावर वनजाबाई बसवर रुजू झाल्या. डॉक्टरांकडून त्यांनी लिहूनच घेतलं होतं, की कामाला योग्य, मात्र मधून मधून बसणं आवश्यक. पहिल्याच आठवड्यात एक ओळखीचा प्रवासी पोतं घेऊन चढला आणि सवयीने त्यांच्या सीटकडे वळला.

"ऊठ म्हणायची वेळ आणू नका," वनजाबाई म्हणाल्या.

"पूर्वी तर तुम्हीच बसा म्हणायच्या, अक्का."

"पूर्वी मला अक्कल नव्हती. पोतं आत घ्या. कुठपर्यंत?"