आईच्या माहेराची दिशा

अकरावीला सांगलीच्या कॉलेजात गेले, तेव्हा पदार्थविज्ञानाच्या तासाला सरांनी विस्थापन शिकवलं. माणूस कितीही वळणं घेऊन जाऊ दे, म्हणाले, निघाला कुठून आणि पोचला कुठं एवढंच धरायचं. प्रत्येक टप्प्याचे दोन घटक पाडायचे: एक पूर्व-पश्चिम, एक उत्तर-दक्षिण. उत्तरेतून दक्षिण वजा करायची, पूर्वेतून पश्चिम. जे उरेल ते खरं अंतर, तीच खरी दिशा.

वर्गात बाकीचे लिहून घेत होते आणि मला आईच्या माहेरची वाट दिसत होती.

आमचं गाव पलूसजवळ, टेकडीच्या पायथ्याला. आईचं माहेर कृष्णाकाठी, सातारा जिल्ह्यात. एसटी गावातून निघाली की दक्षिणेला जायची, म्हणून माहेरची आठवण आली की आई दक्षिणेकडं बघायची. तिन्हीसांजेला दारात उभी राहून त्या रस्त्याकडं बघणारी आई मी लहानपणापासून पाहत आले होते.

सरांकडून होकायंत्र मागून घेतलं आणि दिवाळीत आईबरोबर आजोळी निघाले. गाडीच्या लोखंडाजवळ सुई भरकटते, म्हणून गाडी बदलायला प्रत्येक फाट्यावर उतरल्यावर बाजूला जाऊन रस्त्याची दिशा बघायची. अंतर मैलाच्या दगडांवरून. आई म्हणाली, "काय बघतीस गं सारखं?"

"तुझं माहेर कुठंय ते."

"आता तिथंच तर चाललोय न्हवं?"

आजोळी पोचल्यावर ओसरीवर बसून हिशेब मांडला. आधी आठ किलोमीटर सरळ दक्षिणेला. मग दहा किलोमीटर पश्चिमेला, पण उत्तरेकडं तीस अंश कललेला रस्ता. त्याचे पावणेनऊ पश्चिमेला गेले आणि पाच उत्तरेला. शेवटी नदीच्या कडेनं नऊ किलोमीटर उत्तरेला. बेरीज केली तर दक्षिण उरलीच नाही. सुरुवातीचे आठ किलोमीटर सगळेच्या सगळे परत फिटले आणि वर सहा उत्तर शिल्लक राहिली. सत्तावीस किलोमीटरच्या प्रवासाचं सरळ अंतर साडेदहाच्या आसपास, तेही वायव्येकडं. म्हणजे आमच्या घरामागच्या टेकडीपलीकडं.

मी पुन्हा बेरीज केली. तेच आलं.

परत आल्यावर आईला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. "टेकडीमागं? गाडी तर तिकडनं जाती." एवढ्या वर्षांत ती टेकडीवर कधी चढली नव्हती. घरातल्या पुरुषांना ठाऊक असणारच. पण तिनं विचारलं नव्हतं आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारची कामं उरकून आम्ही दोघी वर गेलो. वर वारा होता. मी होकायंत्र दगडावर ठेवलं, सुई थांबू दिली, पश्चिमेपासून उत्तरेकडं हिशेबात आलेले पस्तीस अंश मोजले आणि हात लांब केला. त्या बाजूला खरंच काही असेल, याची मला स्वतःलाच खात्री नव्हती.

खाली ऊसच ऊस. त्यापलीकडं उन्हात चमकणारी पाण्याची पट्टी, तिचं मोठं वळण, आणि वळणावर एक पांढरा ठिपका.

आई डोळ्यांवर हात धरून बघत राहिली. म्हणाली, "त्यो आमच्या देवळाचा कळस हाय." मग अगदी हळू, "एवढ्या जवळ हुतं व्हय."

ती खाली बसली. मीही बसले. आकड्यांनी ही टेकडी पाहिली नव्हती, नदीही नाही. ओसरीवर बसून मी नुसती बेरीज-वजाबाकी केली होती, आणि ती बेरीज आम्हाला बोट धरून इथं घेऊन आली होती. जग असं बांधलेलं आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. अजूनही तो कळस आठवला की मला भीतीसारखं काहीतरी वाटतं, आणि ती भीती हवीशी वाटते.

संक्रांतीनंतर आई एकटीच माहेरी गेली. मामा पुढं सांगायचा, की पोचल्या पोचल्या ती शेतात पिकाला पाणी पाजणाऱ्या आजोबांना हाताला धरून बांधावर घेऊन गेली आणि आग्नेयेला बोट दाखवून म्हणाली, "आबा, त्या टेकडीच्या पायथ्याला मी ऱ्हाती."

आजोबा म्हणे पाणी पाजायचं सोडून तिकडंच बघत राहिले.