देवळामागची मूठभर पानं

जपानमधल्या उजी गावात चहाची दुकानं पैशाला पासरी, पण शिगेनोबाईंच्या जिभेला तोड नव्हती. निरनिराळ्या मळ्यांची सुकी पानं चाखून त्या त्यांचा मेळ बसवायच्या, मगच ती दगडी जात्यावर जायची. शेवटी देवळामागच्या खुरट्या मळ्यातली मूठभर पानं मिसळायची, ही त्यांची खोड. ती पानं दुसऱ्या कुणी फुकटही नेली नसती. पण त्यांच्यामुळेच घोट गिळल्यावर समुद्रशेवाळाचा गोडवा जिभेवर रेंगाळायचा. बाईंचं छोटंसं दुकान त्या मुठीवरच तगून होतं.

मूलबाळ नव्हतं. भाचीला, तामाएला, त्यांनी पोटच्या पोरीसारखं वाढवलं आणि ती मूठ फक्त तिलाच दाखवली. वसंतात तामाए म्हणाली, "आत्या, चहाचा कंटाळा आला गं. क्योतोत कापडाच्या दुकानात नोकरी मिळतेय." बाईंनी डोळे पुसत तिचा डबा भरून दिला.

नोव्हेंबरात, चहाविधी शिकवणाऱ्या इवानागाबाईंनी पाहुणे बोलावून नव्या चहाची बरणी उघडली. पहिल्या जागेचा मान शिगेनोबाईंना. शेवटच्या जागेवर तामाए! पोर सुट्टी काढून आली, म्हणून बाई सुखावल्या.

इवानागाबाईंनी भुकटीवर बेताचं गरम पाणी घातलं आणि बांबूच्या घुसळणीने हळूहळू मळत पिठल्यासारखा दाट चहा केला. सगळ्यांत मिळून एकच वाडगा. शिगेनोबाईंनी पहिला घोट घेतला आणि जिभेवर तोच गोडवा उतरला. आपलाच चहा! गुपचूप मागवून मान दिला की हिने! वाडग्याची कड पुसून त्यांनी तो पुढे दिला आणि रीतीप्रमाणे, पण हसू दाबत विचारलं, "फार सुरेख. चहा कुणाकडचा म्हणायचा?"

"नदीपलीकडच्या मोठ्या दुकानाचा," इवानागाबाई कौतुकाने म्हणाल्या. "मिसळण तुमच्या तामाएची. तुम्हाला तर ठाऊकच असेल! लाजतेस काय गं, सांग की आत्याला."

म्हणजे क्योतोचं ते कापडाचं दुकान खोटंच होतं. परक्याने लुटलं असतं तर एवढं लागलं नसतं. या पोरीने केसाने गळा कापला होता, आणि तोही डबा घेऊन जाताना.

वाडगा फिरत फिरत तामाएपाशी आला. उरलेला चहा शेवटच्याने संपवायचा असतो. तिने तो संपवला, मान खाली घातली. मग राहवलं नाही म्हणून हळूच विचारलं, "आत्या... जमलंय का?"

सगळे कौतुकाने बघत होते. चहाबद्दल शिगेनोबाई जन्मात कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

"जमलंय," त्या म्हणाल्या. "अगदी माझ्यासारखं जमलंय. आता मला आत्या म्हणू नकोस."